लाईट आली की नवं वर्ष

"दिवालीला दारात पणती न्हाय लावली, आन् आता ह्यांना इंग्रजांचा सण पायजे," सासूबाई पुटपुटल्या. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात सुकट निवडत बसल्या होत्या, मी दोन हातांवर भाकऱ्या थापत होते. म्हणजे मला ऐकू जावं, पण भांडण होऊ नये, एवढ्याच बेतानं त्या पुटपुटत होत्या.

त्यांचंही चुकत नव्हतं. सासरे जूनमध्ये गेले. वर्ष फिरेपर्यंत घरात सण करायचा नाही, ही आमच्या पूर्णा गावातली रीत. त्यामुळे २००६ साली आमच्याकडे गणपती आला नाही, दिवाळीच्या करंज्या शेजारणींनी दिल्या आणि माझी दोन्ही पोरं दुसऱ्यांच्या अंगणातले कंदील बघत बसली. सार्थक दहा वर्षांचा, सगळं समजल्यासारखा वागायचा. मृणाली सहाची. तिनं भाऊबीजेला मला विचारलं, "आजोबा जाताना सण पण घेऊन गेले का?" तेव्हाच मी ठरवलं, या पोरांना या वर्षातला एक तरी दिवस द्यायचा.

"आई, थर्टीफर्स्ट काही पंचांगात नाही," मी म्हणाले. "पंचांगात नाही तो सण कसला?"

"मंग केक कशाला?"

"केकात अंडं असतं. अंडं घातलेलं गोडाधोडात धरत नाहीत."

त्यांनी सुकटातला एक खडा शोधून काढला आणि अंगणात भिरकावला. "तुला वकील करायची होती तुज्या आयशीनं," एवढंच म्हणाल्या. मी ती परवानगी समजले.

अडचण एकच होती. बारापर्यंत पोरं जागणार कशी? मृणाली नऊला ताटावरच पेंगायची. त्यावर तोड माझ्या नवऱ्यानं काढली. मनोज दापोड्याला गोडाऊनमध्ये माल उतरवून घ्यायच्या कामावर, तिथं गाड्या कधीच वेळेवर येत नाहीत; वेळापत्रक बदलण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. तेव्हा आमच्या गावाची लाईट रोज साडेपाचला जायची ती आठला यायची. तो पोरांना म्हणाला, "आठला लाईट येईल, तेव्हा नवं वर्ष सुरू. मुंबईवाले बाराला करतात, त्यांच्याकडे लाईट जात नाही म्हणून."

मृणालीला हे इतकं पटलं की तिनं मुंबईवाल्यांची कीव केली.

लाईट आली की अंगणात म्हातारा जाळायचा, असंही ठरलं. आमच्याकडची पोरं एकतीस तारखेला जुन्या वर्षाचा म्हातारा करतात, त्याला फाटके कपडे घालतात आणि पेटवून देतात. मनोजनं नारपोलीच्या एका कारखान्यातून लूमवरच्या टाकाऊ सुताचं पोतं भरून आणलं. कपडे मागायला सार्थक आला तेव्हा माझे हात पिठात होते. मी म्हणाले, "माळ्यावरच्या बोचक्यातले घे." मला मनोजच्या रंग सांडलेल्या पँटी म्हणायच्या होत्या. माळ्यावर बोचकी दोन होती, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

संध्याकाळभर अंगणातून खुसखुस ऐकू येत होती. "पोट अजून भर." "मान पडते रे दादा." "काडी घाल आतून." अंधार पडला. मी दोन मेणबत्त्या लावल्या, फुगे बांधले, बेकरीतून आणलेला अननसाचा केक पाटावर ठेवला. सासूबाई आत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. झोपल्या नव्हत्या. झोपल्या की त्या घोरतात.

आठला दोन मिनिटं असताना पोरांनी उलटे आकडे मोजायला घेतले. दहा, नऊ, आठ. एक झालं, लाईट नाही. परत दहा. पाच वेळा मोजून झालं, सार्थकचा घसा बसला, मृणाली सातानंतर थेट चारावर येऊ लागली. मनोज म्हणाला, "वर्ष जड आहे, निघताना वेळ लावतंय." आणि तेवढ्यात ट्यूब दोनदा फडफडली आणि लागली. गावभर एकच हो-हो उठली. ती रोजच उठायची, पण मृणाली म्हणाली, "बघ, सगळ्यांनी आपलंच नवं वर्ष केलं." दोघं फुग्यांवर तुटून पडली. घरात सहा महिन्यांनी असा आवाज होत होता. मीही हसत हसत अंगणात आले.

प्लास्टिकच्या खुर्चीत म्हातारा बसला होता. निळ्या चौकड्यांची लुंगी, पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, खांद्यावर गमछा. एक पाय खुर्चीवर घेतलेला, मान जराशी डावीकडे कललेली, जशी बातम्या ऐकताना कलायची. पोरांना म्हातारा करायचा होता, आणि त्यांना जवळून ठाऊक असलेला म्हातारा एकच होता.

मनोज माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्यानंही बघितलं.

"छान झालाय," तो म्हणाला.

"पोट मस्त भरलंय," मी म्हणाले.

सार्थक हातात माचिस घेऊन उभा. त्यानं एक काडी ओढली, पेटली, आणि त्यानंच फुंकून टाकली. "ओली आहे," तो म्हणाला.

"वारा पण आहे," मनोज म्हणाला. झाडाचं पान हलत नव्हतं.

"आधी केक कापू," मी म्हणाले. "पाहिजे तर म्हातारा उद्या जाळू."

"उद्या नको," मृणाली घाईनं म्हणाली. "उद्या पण वारा असेल."

मागे दार वाजलं. सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. आता त्या रडतील, पोरं घाबरतील, आणि वर्षातला हा एकुलता दिवसही जाईल. मी केकाकडे बोट दाखवलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी मला हातानंच गप्प केलं.

त्या खुर्चीपाशी गेल्या. त्यांनी गमछा डाव्या खांद्यावरून काढला, झटकला, घडी करून उजव्या खांद्यावर ठेवला.

"कवाधरनं वारं वारं लावलास, मनोज," त्या म्हणाल्या. "ह्यो तुजा बापूस हाय. एकदा जालला त्याला आपुन, परत न्हाय जालायचा. बसू दे पोरांमधी."