लाल पेटीतला पाना

नथूचा आवाज कानावर आला तसं ॲन्सेल्मने लाल पेटीचं झाकण पायानेच लोटलं. हातातलं फडकं त्यावर टाकलं आणि तो शेडच्या दारात येऊन उभा राहिला. असा उभा राहिला, की मागचं काही दिसू नये.

"अन्सेलभाऊ, हाय का कोन घरात?"

"ये नथू. काय रे?"

रविवार होता. ईस्टर नुकताच होऊन गेला होता आणि उमेळ्यात दहाच्या आतच ऊन तापायला लागलं होतं. नथू कुंपणाच्या आत आला, पण शेडच्या सावलीत आला नाही. उन्हातच थांबला. त्याचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते आणि अंगाला रॉकेलचा वास येत होता.

"पंप बसलाय," तो म्हणाला. "आतला वायसर गेलाय बहुतेक. पाइपाचे नट खोलतोय सकाळधरनं. बाकीचे निघाले, एकच हटून बसलाय. रॉकेल पाजलं, ठोकून बघितलं. माझा पाना पुरत नाय. तुमच्याकडं मोठा असंल तर द्या. दुपारपातूर आनून देतो."

"फिटर नाही आला?"

"कुठला येतो! तिकडं बिल्डिंगींचीच कामं उरकत नाहीत त्याला. आज येतो, उद्या येतो. वेली माना टाकायला लागल्यात, भाऊ."

ॲन्सेल्म आत वळला. भिंतीशी दोन पेट्या होत्या. एक ती लाल, पत्र्याची. दुसरी खोक्याच्या फळ्या ठोकून केलेली, बिनझाकणाची. त्याने लाकडी पेटीत हात घातला, खडखडाट करत मोठा पाना काढला आणि नथूच्या हातात दिला.

नथूने तो उलटसुलट करून पाहिला. अंगठा पान्याच्या तोंडात फिरवला.

"ह्याचं तोंड जरा ढिलं हाय."

"तोच आहे," ॲन्सेल्म म्हणाला. "जपून वापर."

नथूने मान हलवली. क्षणभर तो ॲन्सेल्मच्या खांद्यावरून शेडच्या आत बघतोय असं वाटलं. मग पाना कमरेला खोचून तो निघून गेला.

ॲन्सेल्म वसईच्या एका शाळेत क्लार्क होता. सकाळी स्कूटरवरून जायचा, संध्याकाळी यायचा. ती स्कूटरही जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. तिच्यासाठी घराच्या बाजूला खांब रोवून वर सिमेंटचे पत्रे टाकले होते, त्या शेडला घरात सगळे गॅरेज म्हणायचे. शनिवार-रविवारी तो तिथे बसून स्कूटर खोलायचा, पुसायचा, पुन्हा जोडायचा. एवढाच त्याचा नाद.

लाल पेटी धाकट्या भावाने, बर्नार्डने कुवेतहून आणली होती. आत जर्मन पाने, लहानापासून मोठ्यापर्यंत, ज्याच्या त्याच्या खाचेत बसवलेले. ॲन्सेल्मकडे बाजारचे पाने आधीपासून होते, स्टेशनजवळच्या दुकानातून घेतलेले. ते नवे असताना चमकायचे. मग वरचा मुलामा उडायचा आणि खालचं खरबरीत लोखंड दिसायला लागायचं. जोर लावला की तोंड फाकायचं, नटाचे कोपरे खाऊन टाकायचं. जर्मन पान्याची गोष्टच निराळी. हातात घेतला की थंड आणि भरीव लागायचा. नटावर नुसता ठेवला तरी गच्च बसायचा, आणि मग जोर मनगटातून सरळ नटात जायचा, वाटेत कुठे सांडायचा नाही. पहिल्या दिवशी ॲन्सेल्मने स्कूटरचा एकच नट कितीदा तरी सैल केला आणि आवळला होता.

गावात बातमी पसरली आणि लोक पाने मागायला यायला लागले. फादरांच्या जीपसाठी माणूस आला तेव्हा ॲन्सेल्म स्वतः लाल पेटी घेऊन चर्चच्या आवारात गेला. हेडमास्तरांच्या मोटारसायकलसाठी त्याने पेटीच शाळेत ठेवून दिली. पण वाडीतले गडी, रिक्षावाला, मिठागरावरचा कुणी, असं कोणी आलं की हात लाकडी पेटीकडे जायचा. हे त्याने कधी ठरवलं नव्हतं. ठरवावं लागलं असतं तर कदाचित त्याला लाज वाटली असती. ते आपोआप होत गेलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे असं काही आलं होतं, की ते मागायला लोक त्याच्या दारात येत होते. आणि ते झिजावं, हरवावं, असं त्याला वाटत नव्हतं.

"माणसं बघून पाने देता तुम्ही," क्लेमेंटीन एकदा म्हणाली होती. त्याची बायको फार बोलायची नाही. तो हसला होता.

त्या रविवारी दुपारी नथू पाना द्यायला आला नाही. ॲन्सेल्मला त्याचं विशेष वाटलं नाही. बाजारचाच तर पाना होता.

तो आला सोमवारी संध्याकाळी. क्लेमेंटीन ओट्यावर तांदूळ निवडत होती, ॲन्सेल्म नुकताच कपडे बदलून बाहेर आला होता. नथूचा उजवा हात मनगटापासून बोटांपर्यंत पांढऱ्या पट्टीत होता आणि त्याने तो छातीशी धरला होता. डाव्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"अरे देवा," क्लेमेंटीन उठली. "काय झालं हे?"

"काय नाय, वैनी. पाना सटकला. पाइपाच्या क्लांपच्या धारेवर हात गेला." तो ॲन्सेल्मकडे वळला आणि फडकं त्याच्यापुढे धरलं. "भाऊ, तोंड फाकलं ह्याचं. माझ्याच हातनं झालं. तुम्ही जपून वापर म्हनला होता, मी जोर जास्ती लावला. नवा आनून देतो."

ॲन्सेल्मने फडकं सोडलं. पाना स्वच्छ पुसलेला होता. रक्ताचा डाग पडला असणार, तो कुणीतरी राखेने घासून काढला होता. तोंड एका बाजूने वाकडं झालं होतं.

"राहू दे," तो म्हणाला. "नवा कशाला? राहू दे."

"असं कसं? तुमची वस्तू."

"हात कसा आहे?" क्लेमेंटीनने विचारलं.

"टाके घातले दवाखान्यातल्या सिस्टरनं. दोन बोटांची शीर कापली म्हनते." नथू पट्टीकडे बघून ओशाळवाणं हसला, जणू हातसुद्धा कुणाकडून मागून आणला होता आणि तोही त्याच्याकडून बिघडला होता. "वळतील का नाय, ते पुढं कळंल."

क्लेमेंटीनने चहा ठेवते म्हटलं, पण तो थांबला नाही. बायको, मालन, एकटीच पाणी काढतेय, असं म्हणाला आणि गेला.

ॲन्सेल्म फाकलेला पाना हातात धरून उभा राहिला. बायकोने काहीतरी म्हणावं, असं त्याला वाटत होतं. तांदळाचं सूप उचलून ती आत गेली. तेवढ्या वेळात तिने त्याच्याकडे एकदाच पाहिलं, आणि त्याने मान खाली घातली.

त्याची नथूशी ओळख जुनी होती. नथू आणि मालन मूळचे कामणकडचे, भातशेतीवाले. तिथली जमीन भावकीत गेली तसे ते उमेळ्यात आले आणि दुसऱ्याची वाडी वाट्याने करू लागले. पानवेली, केळी, कडेला मोगरा. मालक मुंबईला राहायचा. आजूबाजूच्या वाड्यांत पाया खणायला सुरुवात झाली होती आणि त्यालाही बिल्डरची माणसं भेटत होती. वेली आजवर डोलत होत्या, उत्पन्न देत होत्या, म्हणून तो अजून गप्प होता.

शाळेच्या वाटेवरच ती वाडी लागायची. मंगळवारी ॲन्सेल्मने स्कूटरवरून जाताना पाहिलं. मालन विहिरीवर वाकून बादलीने पाणी ओढत होती. नथू डाव्या हाताने घागर उचलून वेलींच्या बुडाशी नेत होता. अर्धं पाणी वाटेतच सांडत होतं. एवढ्या वाडीला घागरीने पाणी! नथूने मान वर केली, ॲन्सेल्मला पाहिलं आणि नेहमीसारखा हात वर केला. पट्टीचा हात.

बुधवारी ॲन्सेल्म चर्चच्या मागच्या रस्त्याने गेला. तो रस्ता लांबचा आणि खडीचा होता. गुरुवारीही तिकडूनच गेला. शाळेत त्याच्या हातून दाखल्यावर भलतंच नाव लिहिलं गेलं. हेडमास्तरांनी हसत विचारलं, "काय ॲन्सेल्म, लक्ष कुठे आहे? आणि हो, ती तुमची जर्मन पेटी उद्या परत मिळेल का जरा?" तो "हो सर" म्हणाला. मग म्हणाला, "नाही सर, उद्या मला लागणार आहे."

त्या संध्याकाळी जेवताना क्लेमेंटीन म्हणाली, "मागच्या रस्त्याने किती दिवस जाणार?"

त्याने घास खाली ठेवला.

"तुला कुणी सांगितलं?"

"स्कूटरचा आवाज मला ओळखू येतो."

शुक्रवारी त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. लाल पेटी उघडली. पूर्ण पेटी घेऊन जायचं त्याला धाडस झालं नाही. नटाला सगळ्या बाजूंनी धरणारा, बंद तोंडाचा मोठा पाना त्याने तेवढा काढला, टॉवेलात गुंडाळला आणि चालत निघाला.

नथू केळीखाली बसला होता. ॲन्सेल्मला बघून उठायला लागला.

"बस बस. पंप बघू म्हटलं."

"तुम्ही कशाला, भाऊ? कपडे खराब व्हतील."

ॲन्सेल्मने चपला काढल्या आणि तो विहिरीच्या कठड्याशी असलेल्या पंपाजवळ उकिडवा बसला. तो एक नट अजून तिथेच होता. कोपरे अर्धवट घासलेले, भोवती रॉकेलचा ओघळ. शेजारच्या क्लांपची धार उन्हात चमकत होती. ॲन्सेल्मने ती पाहिली आणि नजर काढून घेतली. मालन बादली ठेवून जवळ आली. नथूही येऊन उभा राहिला.

त्याने टॉवेल सोडला. पाना नटावर चढवला. तो गच्च बसला.

नट घट्ट असावा, अशी त्याची मनातून फार इच्छा होती. आपल्यालाही घाम फुटावा, हात सोलावा, पाना हातातून निसटावा. मग म्हणता येईल, की नटच तसा होता, कुणाचाही हात कापला असता. त्याने दोन्ही हातांनी दांडा धरला आणि ओढला.

कर्र असा एक बारीक आवाज झाला आणि नट फिरला. एवढंच. पुढचे आटे बोटांनी सुटले. तो घासलेला नट त्याच्या तळहातावर येऊन पडला.

केळीची सुकलेली पानं वाऱ्याने खसखसत होती.

"हा पाना," मालन म्हणाली, "हा तवा नव्हता का तुमच्याकडं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. खरोखर माहीत करून घ्यावं, तसं तिने विचारलं. ॲन्सेल्म हातातल्या नटाकडे बघत राहिला.

"आता आला असंल," नथू घाईने म्हणाला. "बर्नार्डभाऊ धाडतात की तिकडनं. व्हय ना, भाऊ?"

"हो," ॲन्सेल्म म्हणाला. "परवाच आला."

"बघ. मी म्हनलं नाय?"

मालन झोपडीकडे वळली.

मग पंप खोलला. नथूने डाव्या हाताने जुना वायसर काढला, आणून ठेवलेला चामड्याचा नवा कुठे आणि कसा बसवायचा ते दाखवलं, आणि ॲन्सेल्मने तो बसवला. नट आवळले. ॲन्सेल्मच्या कानशिलांतून ऊन बाहेर पडतंय असं त्याला वाटत होतं. इंजिनाचं हँडल फिरवायला नथूने सवयीने उजवा हात पुढे केला आणि मागे घेतला. ॲन्सेल्मनेच ते फिरवलं. इंजिन धडधडलं, पाइप थरथरला, आधी हवा आणि गढूळ चुळका, मग सणसणीत धार कुंडीत कोसळली. नथू "आलं! आलं!" म्हणत पोरासारखा पाटाच्या कडेने धावला.

ॲन्सेल्मने पाना टॉवेलात गुंडाळला. काखेत घातला. चपला शोधायला लागला. तेवढ्यात मालन झोपडीतून केळ्यांची एक फणी घेऊन आली, पिकून पिवळी झालेली.

"घ्या. क्लेमेंटीनवैनीला द्या."

"नको, मालन."

"रिकाम्या हातानं जाऊ नका. आमचं काम केलंत."

"मालन," तो म्हणाला. त्याचा आवाज इंजिनाच्या आवाजात बुडाला, म्हणून त्याला पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं. "पाना तेव्हाही होता. रविवारी होता. मी दिला नाही."

ती फणी पुढे धरून तशीच उभी होती.

"ठाऊक हाय," ती म्हणाली.

"नथूला..."

"त्यांना बी ठाऊक हाय. बर्नार्डभाऊ आले तवा ती लाल पेटी ठेसनावरनं तुमच्या घरापातूर डोक्यावरनं कुनी आनली?"

ॲन्सेल्मला आठवेना. त्या दिवशीचं सगळं त्याला आठवत होतं. बर्नार्डचा सेंटचा वास, आईचं रडणं, पेटी उघडताना आलेला तेलाचा वास. पेटी आणणारा माणूस तेवढा आठवत नव्हता. कुणीतरी ती ओट्यावर ठेवली होती आणि कुणीतरी निघून गेलं होतं.

"मग रविवारी तो बोलला का नाही?"

"काय बोलनार? तुम्ही म्हनलात, तोच हाय." मालनने फणी त्याच्या हातात दिली. तिच्या तळव्यांना दोराने पडलेले चट्टे त्याच्या बोटांना लागले. "घ्या आता. पानी सुटलंय, मला बांध फोडायचाय."

ती साडी खोचत पाटाकडे गेली. पण तिच्याआधी नथू तिथे पोचला होता. पट्टीचा हात भिजू नये म्हणून त्याने तो डोक्याच्या वर उंच धरला होता आणि टाचेने मातीचा बांध उकरत होता. बांध फुटला. पाणी वळलं, आणि सुकलेल्या पहिल्या वाफ्यात हळूहळू शिरायला लागलं.