बिनसाखरेची सुकेळी

उन्हाळा लागला की भिकुबाई गच्चीवर मुंग्यांशी भांडायची. "मेल्याहो, साखरना दाना नही त्यामा, कसाले उन्यात?" असं त्यांना ती दरवर्षी बजावून सांगायची, आणि मुंग्या दरवर्षी तिचं ऐकत नसत. शेवटी तिनं खाटेचे चारी पाय पाण्याच्या वाडग्यांत ठेवले. खाटेवर चटई, चटईवर सोललेली केळी आणि केळ्यांवर नवऱ्याच्या जुन्या धोतराचं पान. मुंग्या वाडग्याच्या काठापर्यंत यायच्या आणि तिथेच घुटमळायच्या. भिकुबाईला हसू यायचं. म्हणायची, मुकी जनावरं, त्यांना काय कळतंय.

हे सगळं सुरू झालं ते शिरपूरच्या डॉक्टरच्या एका वाक्यावरून. तिचा नवरा रुपचंद, ज्याला सारं गाव आबा म्हणायचं, त्याच्या पायांना मुंग्या यायला लागल्या, जखम बरी होईना, म्हणून झुलालनं त्याला मोटरसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. झुलाल म्हणजे आबांचा लहानपणापासूनचा दोस्त. फाट्यावर त्याचं मोटर रिवायंडिंगचं दुकान. दोघं संध्याकाळी परत आले तेव्हा आबांनी घरात पाऊल टाकताच सांगितलं, "साखर बंद करेल शे डॉक्टरनी."

भिकुबाई शब्दाची पक्की. साखर बंद म्हणजे बंद. साखरेचा डबा त्याच संध्याकाळी माळ्यावर गेला.

पण आबा म्हणजे गोडाचा माणूस. लग्नाच्या पंगतीत आबा बसले की जिलबीचा वाढपी मुद्दाम पलीकडच्या रांगेला वळायचा. असा माणूस ओट्यावर बसून बिनसाखरेचा चहा काढा घ्यावा तसा घोट घोट गिळायचा आणि कप पालथा घालायचा. बोलायचा काही नाही. त्याचं ते गप्प बसणं भिकुबाईला सोसेना. तिला वाटायचं, जन्मभर या माणसानं उन्हातान्हात केळीची बाग सांभाळली, आणि म्हातारपणी त्याच्या जिभेवर गोडाचा कण नसावा?

मग तिला माहेरची सुकेळी आठवली. व्यापाऱ्याचा ट्रक भरून गेला की बागेत डागी, वाकड्या फण्या पडून राहायच्या. त्या तिनं घरी आणून भुशात पिकवल्या. सालीवर काळे ठिपके येईपर्यंत थांबायचं, मग सोलायचं, धागे काढायचे, लिंबाच्या पाण्यात बुचकळायचं म्हणजे रंग फार काळवंडत नाही. उन्हात घालायचं, दुपारी उलटायचं, सांजेला दव पडायच्या आत खाली आणायचं. ऊन चांगलं असलं की केळं आटून बोटाएवढं होतं, तांबूस, चिवट. ते बरणीत दाबून भरलं की वर्षभर हलत नाही. साखर नाही, गूळ नाही, काही नाही. भिकुबाईला वाटलं, देवानंच वाट दाखवली. गल्लीतल्या बायका बघायला आल्या तेव्हा ती बरणीवर हात ठेवून सांगायची, "साखर हात बी लायेल नही." तिचा तेवढाच एक गर्व होता, आणि तो तिला शोभायचाही.

रोज दुपारी आबा वावरात निघाले की ती दोन सुकेळी कागदात गुंडाळून त्यांच्या हातात द्यायची. आबा ती सदऱ्याच्या खिशात टाकायचे. "आते नही, वावरमा खासू," म्हणायचे. संध्याकाळी ती विचारायची, "कशी व्हती?" आबा म्हणायचे, "मस्त व्हती." एवढ्यावर भिकुबाईचं पोट भरायचं. सदऱ्याचा खिसा चिकट व्हायचा, तो ती दगडावर घासून धुवायची, आणि त्याचंही तिला सुखच वाटायचं. बायकोनं दिलेलं खातंय ना माणूस, मग खिसा चिकट होईना का.

अशी वर्षं गेली. मग आबांच्या किडन्या गेल्या. धुळ्याच्या फेऱ्या झाल्या, यंत्रावर रक्त धुणं झालं, आणि दिवाळी होऊन बागेत नवी केळफुलं यायच्या सुमारास आबा गेले. भिकुबाई रडली, सावरली, जगरहाटीला लागली. नवऱ्यामागे राहणाऱ्या बायका खेड्यात काही कमी नसतात. त्या जशा राहतात तशी तीही राहिली. तिच्या मनाला एकच टेकू होता. तिनं नवऱ्याचं पथ्य पाळलं होतं, आणि पथ्यातही त्याला गोड खाऊ घातलं होतं.

तो टेकू होळीनंतर सुटला. तिची सून हेमांगी, अमृतची बायको, माहेरी जायला निघाली होती. तिच्या वडिलांना नुकताच मधुमेह निघाला होता. भिकुबाईनं आदल्या उन्हाळ्याची बरणी फळीवरून काढली, अर्धी सुकेळी डब्यात भरली आणि म्हणाली, "तुना पप्पाले लई जाय. साखर नही त्यामा."

हेमांगीनं डबा घेतला नाही. जराशानं म्हणाली, "आई, राग मानू नका. पप्पांना नाही चालणार."

"काबर?"

"साखर केळ्यातच असते ना. वाळवलं की पाणी उडून जातं, साखर तेवढीच राहते. उलट घट्ट होते. या आजारात सुकेळं म्हणजे..." तिनं वाक्य पुरं केलं नाही.

भिकुबाई डबा हातात धरून उभीच राहिली. मग तिनं विचारलं, "आबाले माहीत व्हतं?"

हेमांगीला खोटं बोलता येत नसे, हा तिचा गुणही आणि खोडही. "मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांना एकदा बोलले होते. ते म्हणाले, माले माहीत शे बेटा. पन तुनी सासूले सांगू नको."

सून गेली. भिकुबाई ओट्यावर बसली आणि तिला एकदम मुंग्या आठवल्या. वाडग्याच्या काठाशी घुटमळणाऱ्या. मुंग्यांना जे कळलं होतं ते तिला कळलं नव्हतं. तिच्या हातून दुपारमागून दुपार विष गेलं होतं, आणि तिचं मन मोडू नये म्हणून त्या माणसानं ते जाणूनबुजून खाल्लं होतं. मस्त व्हती, म्हणाला होता. आपण नवऱ्याला आपल्या हातानं मारलं, हे तिच्या मनात जे बसलं ते बसलंच. ती कुणाला बोलली नाही. हेमांगी परत आल्यावर सासूच्या मनातलं समजली, पण सासू तिला जवळ बसू देईना. त्या उन्हाळ्यात गच्चीवर खाट गेली नाही. बागेतल्या फण्या बागेतच सडल्या.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. घरातलं माणूस गेल्यावरची पहिली आखाजी आमच्याकडे फार जड असते. गेलेल्याच्या नावानं तांबडी घागर भरायची, घागरीवर खरबूज ठेवायचं, चुलीतल्या निखाऱ्यावर घास टाकायचा. आंबा त्याच्या आधी तोंडात घालायचा नाही, कारण पहिला रस पितराचा. आणि गेलेल्याच्या वयाचा, त्याच्या ओळखीचा माणूस पितर म्हणून बोलवायचा, त्याचे पाय धुवायचे, त्याला पाटावर बसवून जेवू घालायचं. त्याच्या मुखानं आपलं माणूस जेवतं. तो जेवल्याशिवाय घरात कुणी घास घेत नाही.

आबांचा पितर म्हणून झुलालशिवाय दुसरा कोण असणार. तो पांढरी टोपी घालून आला, नेहमीसारखा चेष्टा न करता पाटावर बसला. अमृतनं त्याचे पाय धुतले. भिकुबाईनं ताट वाढलं. खापरावरचे मांडे, आमरस, कुरडया, वड्या, भात. ताट पुढं ठेवणार तेवढ्यात अमृत म्हणाला, "माय, सुकेळी राहिनी ना. आबाले त्यान्हाशिवाय चालनार नही."

"नको," भिकुबाई म्हणाली.

"नको काबर? बरनी भरेल शे." आणि तिनं अडवायच्या आत त्यानं फळीवरची बरणी उघडून दोन सुकेळी ताटात ठेवली. हेमांगीनं सासूकडे बघितलं आणि मान खाली घातली. जिवंतपणी दिलं ते पुरलं नाही, मेल्यावरही तेच आपण त्याच्या ताटात वाढतोय, असं भिकुबाईला वाटलं, आणि ती भिंतीला टेकून खाली बसली.

झुलालनं ताटाभोवती पाणी फिरवलं. मांड्याचा तुकडा मोडला. मग त्याची नजर सुकेळ्यांवर गेली आणि हात थांबला तो थांबलाच. पितर जेवता जेवता थांबला म्हणजे अशुभ. अमृत घाबरून पुढं झाला. "काका, काय व्हयनं?"

"भाबी," झुलाल म्हणाला, "माले माफ करा. आबानी ही सुकेळी कधी खादीच नही."

भिकुबाईनं मान वर केली.

"वावरमा जाता जाता तो मना दुकानवर थांबे. खिसामाईन पुडी काढे आनि मना हातवर ठेवे. म्हने, खाय रे झुलाल, मनी बायकोनी करेल शे, फेकाले जीव व्हत नही. तिले सांगू नको, ती फार जीव लाईसन करस." झुलालनं टोपीनं डोळे पुसले. "इतला वरीस मीच खादी, भाबी. बठ्ठी मीच खादी."

भिकुबाईनं एक मोठा श्वास सोडला. होळीपासून छातीवर जो धोंडा होता तो उतरला. तिनं त्यांना मारलं नव्हतं. तिच्या हातून काही वाईट गेलं नव्हतं. तिला हे मोठ्यानं म्हणावंसं वाटलं, हेमांगीला हाक मारावीशी वाटली.

पण हाक ओठांवर आली नाही. कारण त्या धोंड्याखाली दुसरं काही होतं ते आता उघडं पडलं. तिनं त्यांना मारलं नव्हतं, खरं. पण मग तिनं त्यांना खाऊही घातलं नव्हतं. एवढ्या उन्हाळ्यांची ती खाट, ते उलटणं, ते मुंग्यांशी भांडणं, आणि रोज संध्याकाळचं ते 'मस्त व्हती'. आबा शेवटपर्यंत बिनगोडाचेच गेले होते.

"एक बी नही?" तिनं विचारलं. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "एक बी सुकेळं नही खादं त्यास्नी?"

झुलालनं टोपी मांडीवर ठेवली. "पहिला दिन आर्धं खादं व्हतं. डोया मिटीसन खादं. मंग म्हने, बठ्ठी साखरच शे रे हायी, मनासाठे नही. उरेल आर्धं माले दिन्हं."

अर्धं. भिकुबाईनं ते मनात धरून ठेवलं. डोळे मिटून खाल्लेलं अर्धं सुकेळं. मग ती भिंतीचा आधार घेऊन उठली, पुढं आली आणि झुलालच्या ताटासमोर मांडी घालून बसली.

"खा, झुलालभाऊ," ती म्हणाली. "मन्हासमोर खा."

झुलालनं एक सुकेळं उचललं. ते चिवट झालं होतं, आदल्या वर्षीचं. तो सावकाश चावत राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत राहिलं. भिकुबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती. आपलं सुकेळं कुणी चावून गिळताना ती इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बघत होती. त्यानं दुसरंही संपवलं. ताटातला रस तसाच होता.

तिनं बरणी जवळ ओढली. घरच्या माणसाला जेवताना विचारायचं असतं ते, आणि खिशात गेलेल्या पुडीमुळे जे तिला कधी विचारताच आलं नव्हतं, ते तिनं विचारलं.

"आनखी देऊ का?"

पितरानं नाही म्हणायचं नसतं. झुलालनं हात पुढं केला.