करदोड्याची ढील

"पोरीचा डोस्का वाढून राहिला. आत घातलेली तार वाढते का? तुटन ना!" लक्ष्मीचंद म्हणाले आणि विषय संपला, असं घरातल्या सगळ्यांनी धरलं. फक्त सून गिरजानं नाही.

तिची हर्षिता दीड वर्षाची. कानाशी ताट आपटलं तरी पापणी हलत नव्हती. कानात कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे आवाज पोचवणारी तार, बसवा, तेही लवकर, नाहीतर ऐकायला-बोलायला शिकायचं वय निघून जाईल, असं नागपूरच्या डॉक्टरीणबाई सांगून दमल्या होत्या. सासरे म्हणत, डोकं पुरतं वाढू द्या, मग बघू. म्हणजे बैल गेला अन् झोपा केला! नवरा धनेंद्र तर बापापुढे मांजर.

गिरजा एकटीच नागपूरला गेली आणि डोकं वाढण्याचं तेवढं विचारून आली. घरी येताच तिनं अंगणात खेळणाऱ्या हर्षिताचा झगा वर केला.

"मामाजी, हा करदोडा कोणं बांधला?" तिनं सासऱ्यांना विचारलं.

"मीनंच."

"दोन बोटं ढील काऊन ठेवली?"

"कंबर वाढते ना. रुतन पोरीले."

"मंग डॉक्टरीण बी तारेले ढील ठेवते. कानातला शंख जन्मापासून पुरा असते, वाढते तो डोस्का. तो वाढला का तारेचा वेटोळा सुटत जाते."

"तोंड लय चालून राहिलं तुयं!"

"चालन. पोरीचं बी चालवीन."

सकाळी ती पोरीला काखेत घेऊन हायवेवर बसची वाट पाहत उभी राहिली. मागून शर्टाची बटणं लावत धनेंद्र धावत आला. बापाला न विचारता घराबाहेर पडायची त्याची ही पहिलीच खेप. गिरजाला त्याचा राग होता, तो तिथंच अर्धा उतरला.

ऑपरेशन झालं. कानामागचं मशीन सुरू झालं. पुढे वर्षभर गिरजा पोरीशी बोलत राहिली, तांदूळ निवडताना, भांडी घासताना. हर्षिता हाकेला वळायची, पण बोलत नव्हती. "पाहा, मुकी ते मुकीच," म्हणणारे कमी नव्हते.

मग घरात लग्न निघालं. मांडवात फोटोसाठी सगळे उभे राहिले, तेव्हा लक्ष्मीचंद नातीजवळ वाकले. "लोकं पाहून राहिले. ते कानामागचं काढ थोडा वेळ." त्यांनी हात पुढे केला.

हर्षितानं मशीनवर तळहात दाबून धरला, पाय आपटला.

"नाई!"

पोरीचा हा पहिला शब्द. गिरजाचे डोळे भरले, पण मान ताठच होती.

"ऐकलं का, मामाजी?"

लक्ष्मीचंदांनी हात मागे घेतला.

"ऐकलं बाई," ते म्हणाले. "ऐकलं."