अकरा नंबरची तिसरी जागा

प्रभागांचा प्रारूप आराखडा जाहीर झाला आणि दुसऱ्याच सकाळी हेडबाईंनी नातीपुढे भाषणाची तालीम सुरू केली.

हेडबाई म्हणजे नातीच्या आईच्या सासूबाई. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी गल्लीतले मिशीवाले बाप्ये अजून त्यांना समोरून येताना पाहिलं की शर्टाचं वरचं बटण लावत. नात नऊ महिन्यांची. कागदोपत्री नाव भारदस्त होतं, घरात मात्र ठकी.

“बंधूंनो आणि भगिनींनो,” कुस्करलेल्या केळ्याचा चमचा हवेत धरून हेडबाई म्हणाल्या, “आपल्या भागातली पाण्याची टाकी गेली चार वर्षं नुसती बांधली जातेय. आ कर. नुसती बांधली जातेय! आ कर बघू, शहाणी ती.”

ठकीने आ केला, केळं घेतलं आणि निम्मं परत दिलं.

“विरोधी पक्ष दिसतोय,” ठकीची आई डबा भरता भरता म्हणाली.

“तू हस. आपल्या प्रभागाला नगरसेवकांच्या दोनच जागा होत्या तोवर मी चकार शब्द काढला नाही. दोन घराणी दोन जागांवर फेविकॉल लावून बसलीत. पण ही तिसरी नवी कोरी आहे, तिच्यावर अजून कुणाचा टॉवेल पडलेला नाही. आणि माझ्या सुनेच्या हातून निघालीय.”

“आई, असं बाहेर म्हणू नका हं. मी फक्त हिशेब मांडला.”

“बाहेर आधीच म्हणतायत. वाणी म्हणाला, सुनेनं सासूला जागा काढून दिली. मी म्हटलं, तुझी सून तुला चहा तरी देते का?”

ती हसली, ठकीच्या मानेच्या वळीत नाक खुपसून एक मोठा श्वास भरून घेतला आणि कामावर निघाली. नवरा फिरतीच्या नोकरीवर, आठवड्यातून दोन दिवस घरी. हेडबाई होत्या म्हणून ती निवांत मनाने बाहेर पडू शकत होती आणि हे ती दररोज कोपऱ्यावर वळताना स्वतःला आठवण करून द्यायची.

नगरपालिकेच्या निवडणूक कक्षात ती नकाशे काढायची. सगळे तिला नकाशाबाई म्हणत. रेघ कुठून न्यायची, कुठल्या नाल्याला धरून, कुठल्या रस्त्याच्या मधोमध, हे तिच्या बोटांत होतं. शहर तेरा प्रभागांचं, नगरसेवक तीस. सुमारे चार हजार माणसांमागे एक. चार-चार हजारांचे वाटे घालून झाले की काही जागा उरतात. त्या ज्या प्रभागात शिल्लक माणसं जास्त, त्याला एकेक करून जातात. शेवटची उरलेली जागा तिच्याच प्रभागाला, पाच नंबरला मिळाली होती.

तालमीत आठवडा गेला आणि हरकती घ्यायचा शेवटचा दिवस उजाडला. त्रेसष्ट आल्या होत्या. बहुतेकांचं म्हणणं एकच: शेजारची गल्ली आमच्यात नको. दुपारी पांढऱ्या साडीतली एक नर्स आली आणि कागद टेबलावर थापटून उभी राहिली.

“नकाशा काढणाऱ्या तुम्हीच?”

“मीच. बसा ना, सिस्टर.”

“बसायला वेळ नाही, बाहेर रिक्षा थांबवलीय. अकरा नंबर प्रभाग. कामगार वसाहतीत तुम्ही माणसं दाखवलीत चार हजार एकशे सहा. बरोबर?”

“बरोबर.”

“त्या वसाहतीत लस मी टोचते. पाच वर्षांखालची नऊशे बारा पोरं. एकेकाची मांडी मला पाठ आहे. शाळेच्या पटावर अकराशे सत्त्याऐंशी. आता करा वजाबाकी.”

तिने केली. दोन हजार सात.

“आणि घरं तेराशे,” नर्स म्हणाली. “म्हणजे दर घरात मोठं माणूस दीड! बाई अख्खी धरली तर नवरा कमरेपर्यंतच. मी बारा वर्षं जातेय, असला नवरा मला तरी एकाही घरात दिसला नाही. तुम्हाला दिसला?”

शेजारच्या टेबलावरचे साहेब फस्सकन हसले. तिला हसू आलं नाही. चार हजार एकशे सहा हा आकडा तिच्या ओळखीचा होता आणि कुठून ओळखीचा, तेही आता आठवलं.

“मी बघते,” ती म्हणाली. “आजच बघते.”

नर्स गेली. तिने जुनी फाइल काढली, वसाहतीच्या मतदारयादीची बेरीज उघडली. चार हजार एकशे सहा.

नववा महिना चालू होता तेव्हाची गोष्ट. वसाहतीतल्या चार गटांच्या जनगणनेची पानं वरच्या कार्यालयातून यायची होती आणि रकाने रिकामे असल्यामुळे पुढची बेरीज अडली होती. तेवढ्यापुरते म्हणून तिने मतदारांचे आकडे भरले. सोमवारी पानं आली की बदलू. शनिवारी, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या तीन आठवडे आधीच, ठकी आली. सोमवारी ती दवाखान्यात एक एवढीशी मूठ उघडून बोटं मोजत होती. बदली आलेल्या माणसाला रकाने भरलेले दिसले, त्याने ते पक्के धरले.

मतदारयादीत पोरं नसतात. नगरसेवक मात्र माणसांवर मिळतात आणि मोजणीत मांडीवरचं तान्हं एक आणि नगराध्यक्षही एकच. अकरा नंबरची सगळी पोरंटोरं तिने शहरातून पुसून टाकली होती, तीही स्वतःचं पोटात वागवत.

वरच्या कार्यालयाला तिने तीन फोन केले. तिसऱ्याला पानं सापडली. वसाहतीची माणसं सहा हजार सहाशे अठरा. तिने सगळी बेरीज पुन्हा मांडली, दोनदा केली आणि कागद घेऊन साहेबांसमोर उभी राहिली.

“साहेब, अकरा नंबरला तिसरी जागा द्यावी लागेल. चूक माझी आहे.”

साहेब सरळमार्गी पण दमलेला माणूस. त्यांनी चष्मा काढला. “पुराव्याअभावी हरकत फेटाळता येते. ती बाई काही कोर्टात जायची नाही.”

“पुरावा आपल्याच फाइलीत आहे.”

“आणि जागा येणार कुठून? तीसच आहेत.”

“पाच नंबरमधून. शेवटची तिथेच गेली होती. पाचची शिल्लक दोन हजार चारशे वीस, अकराची आता तीन हजार एकशे चाळीस.”

साहेबांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. “पाच नंबर म्हणजे... तुमचं घर.”

“हो.”

“हेडबाई उभ्या राहणार म्हणे.”

“हो.”

“मला त्यांनी तिसरीत छड्या दिल्यात,” साहेब हळूच म्हणाले. “उद्याच्या सुनावणीत हे तुम्हीच वाचून दाखवा. मी बाजूला बसतो.”

घरी पोचली तेव्हा हेडबाई ठकीला टबात बसवून पाणी घालत होत्या. आज टाकीनंतर रस्त्यांचा विषय चालला होता. ती पदर खोचून शेजारी बसली, हेडबाईंच्या हातातला तांब्या घेऊन खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. मध्ये थांबली असती तर पुढे बोलवलं नसतं, म्हणून थांबली नाही.

हेडबाईंनी ठकीला उचललं, टॉवेलात गुंडाळलं. “कागद आणलायस?”

“आणलाय.”

“दे.”

चष्मा लावून त्यांनी लाल पेन घेतलं. उत्तरपत्रिका तपासावी तशी एकेक ओळ तपासली, भागाकार समासात पुन्हा करून पाहिला. चूक सापडावी म्हणून त्या जिवाचं रान करत होत्या, हे तिला दिसत होतं. आपणही मनातून तेच मागतोय, हेही तिला कळत होतं. ठकी टॉवेलातून एक पाय बाहेर काढून त्या लाल पेनाकडे झेपावत होती.

“बरोबर आहे,” शेवटी हेडबाई म्हणाल्या. “मेलं बरोबर आहे.”

“आई...”

“मुलांचा पट न मोजता बाकं मागवली असतीस ना माझ्या शाळेत, तर तुला वर्गाबाहेर उभी केली असती.”

“माहितीये.”

जेवताना हेडबाईंनी मीठसुद्धा हाताने दाखवून मागितलं. ठकीला तिने कुशीत घेतलं, थोपटलं आणि सकाळी हिला कुणाकडे ठेवायचं, याचा विचार करत राहिली. सकाळी उठली तर हेडबाई आंघोळ करून, इस्त्रीची साडी नेसून तयार आणि ठकीच्या डोक्यात टोपडंही घातलेलं.

“आम्ही पण येतोय,” एवढंच म्हणाल्या.

सभागृहात साठ-सत्तर माणसं होती. नर्स पहिल्या रांगेत, कामगार वसाहतीतल्या सात-आठ बायकांसह आणि त्यांच्या मांड्यांवर पुरावाच पुरावा: रांगणारा, रडणारा, एक तर खुर्चीची पट्टी चघळणारा. हेडबाई मागच्या भिंतीलगत, ठकीला कडेवर घेऊन उभ्या.

तिने कागद उघडला. आवाज कापेल असं वाटलं होतं, तो कापला नाही. आकड्यांच्या बाबतीत तो कधीच कापत नसे.

“अकरा नंबर प्रभागाची हरकत मान्य करण्याची शिफारस आहे. वसाहतीत मतदार मोजले गेले, माणसं नाहीत. दोन हजार पाचशे बारा जण राहून गेले. तो आकडा मी भरला होता. गफलत माझी आहे. दुरुस्तीनंतर अकराला तीन जागा आणि पाचला दोन.”

सभागृहात गलका झाला. पाच नंबरवाले चार जण उठून उभे राहिले. “आता जाहीर झालेलं फिरवायचं? हा काय खेळ आहे?”

साहेबांनी हात वर केला. “पाच नंबरमधून या दुरुस्तीला कुणाची लेखी हरकत?”

“लेखी नाही,” मागून आवाज आला, “तोंडी आहे. आणि ती हरकत नाही.”

उभे राहिलेल्या चौघांपैकी दोघे आवाज ऐकताच खाली बसले.

“हिशेब मी काल तपासलाय,” हेडबाई पुढे येत म्हणाल्या. “बिनचूक आहे. ज्याला शंका असेल त्याने माझ्याकडे यावं, मी पाटीवर समजावून देईन. तिसरी जागा त्यांची होती, त्यांना गेली. आमच्या प्रभागात दोन राहतात. तर त्या दोन जागांवर जे बसलेत,” त्यांनी डावीकडच्या रांगेतल्या दोघा जाड माणसांकडे वळून पाहिलं, “त्यांना आत्ताच सांगते, म्हणजे मागाहून बोल नको. मी उभी राहतेय. तुमच्यातल्या एकाला घरी बसायची सवय करावी लागेल.”

नर्सने पहिली टाळी वाजवली. मग पोरांनी, कशासाठी ते न कळताच.

दोघांपैकी एकाने रुमालाने मान पुसली. “बाई, दोनात फार जड जाईल तुम्हाला. तिसरी वेगळी गोष्ट होती.”

“तुझा सातचा पाढा मी पाठ करून घेतलाय,” हेडबाई म्हणाल्या. “त्याहून जड काही नसतं.”

उसळलेल्या हशातून वाट काढत त्या टेबलापाशी आल्या आणि ठकीला सुनेच्या हातात दिलं. त्यांचा चेहरा अजून मवाळ झाला नव्हता. पण पदर खांद्यावरून घेऊन घट्ट खोचलेला होता.

“धर हिला. सकाळी दहा ते एक मला आता माणसं भेटायचीत. दोन जागांत निवडून यायचं तर घर अन् घर फिरायला हवं.”

“आणि ठकी, आई?”

“हिच्यासाठी दुसरी व्यवस्था बघ. मी काही कायमची बसलेली नाही.” दोन पावलं जाऊन त्या वळल्या. “दुपारी दीडनंतर घेईन. झोपवून दे पण.”

वसाहतीतल्या एका बाईने पुढे होऊन विचारलं, “सकाळचं सांभाळायचं का? माझी दोन आहेतच, त्यात ही तिसरी.”

“लिहून घ्या पत्ता,” नर्स म्हणाली. “चांगली बाई आहे, हिची पोरं सुईला रडतसुद्धा नाहीत.”

तिने पत्ता घेतला. मग सही व्हायच्या आधी दुरुस्त तक्ता भरायचा होता. ठकी एका हातावर, दुसऱ्या हातात पेन. साहेबांनी कागदाची दोन्ही टोकं दाबून धरली, कारण ठकीला तो फाडायचाच होता. तिने अकरापुढे तीन लिहिलं, पाचपुढे दोन आणि शाई वाळेपर्यंत ठकीची मूठ स्वतःच्या मुठीत धरून ठेवली.