धुळाचा अंगठा

डोरीन पन्नास वर्षं माणसांचेच पुतळे करत आलीय. तिकडे इंग्लंडात बाकीचे शिल्पकार वाकवलेले पत्रे मांडायला लागले तेव्हा हिला जुनाट म्हणून हसले. ही बधली नाही. जिवंत माणूस समोर बसवून मातीत उतरवायचा, एवढंच आपल्याला येतं, असं ती सांगते.

अशा बाईला मी मेलेल्या माणसाचं काम दिलं. सोलापुरात आमच्या कला महाविद्यालयात ती वर्षभर शिकवायला आली होती, आणि माढ्याच्या शाळेला हिंदुराव गुरुजींचा अर्धपुतळा हवा होता. मी गुरुजींचा विद्यार्थी. मोठ्या हौसेने त्यांच्या घरातला हार घातलेला फोटो आणून दिला.

पुतळा देखणा झाला. शुक्रवारी डोरीनचं विमान, त्याआधी मातीवरून साचा काढायचा होता. सोमवारी गुरुजींच्या पत्नी गोजरबाई आल्या. गुरुजी असेतोवर त्यांच्या डोक्यावरचा पदर कधी ढळला नव्हता. आता उन्हाळ्याचा तो खांद्यावरच असतो. बराच वेळ बघून म्हणाल्या, "कुणी सायेब असंल. आमचं मालक न्हाईत ह्ये."

काय चुकलंय, डोरीनने विचारलं. गोजरबाईंना सांगता येईना. जन्मभर त्यांनी नवऱ्याकडे खालमानेनेच पाहिलेलं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि स्वतःची लाज वाटली. माणूस गेला की आपण त्याचा फोटो स्टुडिओत देतो. तिथे त्याला गोरा करतात, सुरकुत्या पुसतात, खड्डे बुजवतात. मी डोरीनला गुरुजी दिलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी माढ्याहून सलूनवाल्या धुळाला आणलं. तीस वर्षं गुरुजींची दाढी त्यानेच केलेली. तो सवयीने पुतळ्याच्या मागे उभा राहिला, डोळे मिटले आणि ओल्या मातीच्या गालावरून अंगठा फिरवला.

"हितं खळगा हाय. वस्तरा हितंच अडायचा. आन् ह्यो गाल लई भरलाय. दाढा न्हवत्या की गुर्जींना."

मी भाषांतर करायच्या आत डोरीनने त्याच्या अंगठ्यामागे आपला अंगठा लावला. दोन दिवस दोघं असेच काम करत होते. माझी कुणालाच गरज पडली नाही, याचा थोडा रागही आला.

गुरुवारी गोजरबाई परत आल्या. एसटीत बसायला जागा मिळाली नाही म्हणून कुरकुरत दारात पोचल्या, आणि पुतळा दिसताच बोलायच्या थांबल्या. झटकन पदर डोक्यावर ओढून दाराआड सरकल्या.

आवडला का त्यांना, डोरीनने मला हळूच विचारलं. मी म्हटलं, साचा काढ.