पेनाला तूप

आमच्या नातीची, ज्ञानेश्वरीची सुपारी फोडायचा दिवस ठरला आणि सुप्याकडच्या विहीणबाईंचा फोन आला. नाव रंगुबाई. मुलगा त्यांचा तिथल्या एका कंपनीत कामाला आहे, पण बोलणं असं की कंपनीच ह्यांची.

म्हणाल्या, "चांगुणाबाई, लग्नाची याद लिहून झाली की खाली दोन्हीकडच्या थोरल्या बायांनी सही करायची, आमच्यात तशी रीत हाय. तुमी आपला अंगठा द्या. चालंल आमाला."

चालंल म्हणे! मी म्हटलं, "अंगठा कशाला? सही करती की. आमच्या मालकांच्या शाईच्या पेनानं करती. बघायलाच या."

फोन ठेवला आणि मग आठवलं, मालक गेल्यापासून त्या पेनाला कुणी हात लावलेला नाही.

कुणी म्हणेल, बॉलपेननं करायची. बॉलपेन माझ्या बोटांत ठरत नाही, काडीसारखं निसटतं. मालक दूध डेअरीचे सेक्रेटरी होते. मला सही शिकवली ती त्यांनी, त्यांच्या त्या जाड काळ्या पेनानं. माझा हात तेवढं एकच पेन ओळखतो.

पेटीतून काढलं. मागची कळ फिरवली की पोटातला दट्ट्या वर सरकतो आणि शाई ओढून घेतो, असं ते पेन. कळ जागची हलेना. आत शाई वाळून खडा झालेली. माझा मुलगा अमृत लगेच पक्कड घेऊन आला.

"ठेव ती खाली," मी म्हटलं. "पाइपलाइन हाय का ती? बापाचं पेन हाय."

ज्ञानेश्वरीनं मोबाईलमध्ये बघितलं. "आजी, कोमट पाण्यात भिजत घालायचं. कढत न्हाई. आन् जोर लावायचा न्हाई."

"ते तुझ्या बापाला सांग."

तपेलीत कोमट पाणी घेऊन पेन त्यात सोडलं. हळूहळू निळी रेघ सुटली, मग पाणीच निळं झालं. बदलायला गेले, तर पाण्यात अमृतची सुपारीला घालायची पांढरीशुभ्र टोपी बुडालेली, आणि सूनबाई अश्विनी ती पिळतेय.

"अगं, काय करतीस?"

"आत्या, मला वाटलं तुमी नीळ कालवून ठेवली."

"आन् पेन?"

"ते हलवायला ठेवलं असंल म्हणलं."

हिला मीच पसंत केली होती, म्हणून गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी कळ फिरली. पण दट्ट्या कोरडा, करकर वाजायचा. मोबाईलचं म्हणणं, त्याला खास वंगण असतं, मागवावं लागतं. पाहुणे तर उद्यावर आलेले.

मी म्हटलं, "वंगण कशाला? म्हशीचं तूप हाय घरात."

"आजी, पेनाला तूप न्हाई चालत!"

"तू जन्मली तवा तुला त्याच तुपानं चोळली. हात-पाय हलत्यात का न्हाई तुझे?"

काडीच्या टोकानं आत तूप लावलं. मग कमी वाटलं म्हणून आणखी लावलं. कळ अशी फिरायला लागली की नुसतं बोट टेकवावं. कर्जतहून आणलेल्या दौतीत टोक बुडवलं, शाई ओढली आणि पेपरावर सही केली. टपोरी, ठसठशीत. ज्ञानेश्वरीनं मोबाईल बंद करून ठेवला.

सुपारीच्या दिवशी सकाळी मात्र असा गारठा पडला की म्हशीसुद्धा उठायला तयार नव्हत्या. पाहुणे आले, चहा झाला, सुपारी फुटली, याद वाचून झाली. रंगुबाईंनी पर्समधून बॉलपेन काढलं आणि सही केली. सहीला शेपूट एवढं लांब की कागद पुरेना.

मग मी पेन टेकवलं. उमटेना. झटकलं. थेंब नाही. अमृतनं निळी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

रंगुबाई म्हणाल्या, "शाईचं पॅड आणलंय आमी संगं. लाजू नका."

एवढ्यात माझी नजर स्वयंपाकघराच्या दारातून तुपाच्या बरणीवर गेली. तूप थिजून दगड झालेलं. मग पेनातलं काय वेगळं असणार? मी टोपण लावलं आणि पेन धरलं काखेत. सगळी बैठक माझ्या काखेकडं बघत बसली.

"ताप आलाय का पेनाला?" रंगुबाई म्हणाल्या.

"व्हय. तुमी आल्यापासनं."

नवरदेव हसला. पोरगा चांगला आहे, तेव्हाच ओळखलं.

पेन ऊन लागायला लागलं तसं काढलं, याद पाटावर सरळ केली आणि लिहिलं, चांगुणा. काना, उकार, अनुस्वार, सगळं जागच्या जागी. अक्षरांभोवती तुपाचं तेवढं एक वर्तुळ पसरलं, पण ते घरचं होतं.

रंगुबाईंना राहवेना. "बघू, असं काय हाय त्यात!" म्हणून त्यांनी पेन माझ्या हातातून ओढलं.

"कळीला हात लावू नका!" ज्ञानेश्वरी ओरडली.

लावला. उबेनं शाई पातळ झालेली, दट्ट्या तुपावर घसरत होता. सगळी शाई भसकन त्यांच्या तळहातावर आली. त्यातच वाऱ्यानं याद उडायला लागली, ती त्यांनी दाबून धरली. कशानं? अंगठ्यानं. हात उचलला तर शेपटाच्या सहीशेजारी निळा, गोल, रेघन् रेघ दिसणारा अंगठा.

नवरदेवानं अंगठ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. थोरली बाई मीच, तेव्हा मलाच बोलावं लागलं.

"राहू द्या विहीणबाई," मी म्हटलं. "चालंल आमाला."

पाहुणे गेल्यावर पेन कोमट पाण्यानं धुतलं, पुसलं आणि ज्ञानेश्वरीला सांगितलं, ते मोबाईलमधलं वंगण मागव, लग्नातही सही लागेल. तुपात खोट नव्हती. थंडीच वाईट होती.