फावल्या वेळाचे बासष्ट प्रश्न

तुळसाआजींना बासष्टपैकी चार गुण मिळाले, आणि त्यातले दोन माशीचे होते. 'आपणांस समूहनृत्य आवडते काय?' आणि 'आपण भरतकाम करता काय?' या दोन प्रश्नांच्या वेळी नेमकी त्यांच्या नाकावर माशी बसली. त्यांनी मान हलवली आणि फॉर्म भरणाऱ्या मुलीने तो होकार धरला. बाकीच्या प्रश्नांना मात्र त्यांनी सरळ उत्तरं दिली होती.

"आपणांस बर्फावरून घसरण्याचा छंद आहे काय?"

"बरफ मासलीवर टाकतान. त्यावर घसरला त मानूस दवाखान्यान जाईल."

"आपण घोड्यासह वेळ घालवता काय?"

"घोरा वरातीन येतं. वेल त्याचा त्यो घालवतं."

मुलीने दोन्हीकडे शून्य लिहिलं.

कोलशेतच्या या केंद्रात अर्धांगवायूतून उठलेल्या माणसांना गाणं, चित्र, माती, खेळ यांतून पुन्हा हाताशी-पायाशी ओळख करून देत. जागा वीस, प्रतीक्षायादीत चौतीस. तेव्हा कोणाला ठेवायचं आणि कोणाला 'घरी व्यायाम करा' असं सांगून निरोप द्यायचा, हे ठरवायला विश्वस्तांनी परदेशातलं एक आवड-मापनपत्र आणून भाषांतरित करून घेतलं होतं. पंधराच्या खाली गुण पडले, की शेरा ठरलेला: उपचारास प्रतिसादाची शक्यता अल्प. महिनाअखेरच्या बैठकीत तुळसाआजींची जागा जाणार होती.

हा शेरा वाचून रुचिताने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. शेरा तोच होता. रुचिता बेचाळीस वर्षांची, राहायला डोंबिवलीला, केंद्राची मुख्य उपचारक. माणूस हट्टी नव्हे, पण एकदा मुद्दा दातात धरला की दात पडेपर्यंत सोडायचा नाही, अशी. तुळसाआजींचा डावा हात डिसेंबरात मांडीवर ठेवलेल्या उशीसारखा होता. आता त्याची बोटं मिटत होती. हे फॉर्ममध्ये कुठेच नव्हतं, कारण फॉर्मला बोटांशी कर्तव्य नव्हतं. त्याला फावला वेळ हवा होता.

"मॅडम, आईला काढू नका," आजींचा मुलगा संदेश म्हणाला. पूर्वी त्यांची जिथे भातशेती होती, तिथे आता टॉवर होता आणि त्यात सातव्या मजल्यावर त्यांचं घर. "घरी ती नुसती भिंतीकडे बघत बसते. भिंत पण इटालियन आहे, तरी."

"आधी काय करायच्या त्या?"

"काय करणार? मिठागरात जायची. शेती. आणि धवलारीण होती ना."

रुचिताचं पेन थांबलं. "म्हणजे?"

"आमच्या आगरी लग्नात धवलारीण लागते, मॅडम. एकेका विधीला त्याचं गाणं, म्हणजे धवला, म्हणते, तासन्‌तास, तोंडपाठ. चाळीस वर्षं या पट्ट्यात आईच्या धवल्याशिवाय कोणाला हळद लागली नाही."

"आणि हे फॉर्ममध्ये का नाही सांगितलंत?"

"तिकडे छंद विचारलेला," संदेश प्रामाणिकपणे म्हणाला. "हा छंद थोडीच आहे?"

रुचिता तडक आजींकडे गेली. "आजी, एक धवला म्हणता?"

"लगीन कोनाचं हाय?"

"कोणाचंच नाही. असंच. मला ऐकायचाय."

आजींनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की रुचिताला आपली पदविका परत करावीशी वाटली. "पोरी, बिनलगनाचा धवला म्हंजे बिनमरनाचं रडनं. मना येड लागलंय कं?"

त्या नकारातून रुचिताला एक गोष्ट मात्र कळली. या बाईला प्रश्न विचारून काही मिळणार नाही. तिला काम दिलं पाहिजे, आणि मग गप्प बसून बघितलं पाहिजे. असं बघण्याचंही एक निरीक्षणपत्र होतं. तेही परदेशीच, पण त्यात घोडा नव्हता. काम कोणतं ती जागा कोरी होती. गुण कशाला, तर माणूस आपणहून सुरुवात करतो का, क्रम लक्षात ठेवतो का, दुबळा हात वापरतो का, दुसऱ्याला सोबत घेतो का, किती वेळ टिकतो. एकूण चाळीस, निम्मे पडले की उत्तीर्ण.

अडथळा होता सहदेव सरांचा. विश्वस्तांचे अध्यक्ष. एका रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं गुणवत्ता-तपासणी केलेले. 'मोजता येत नाही ते आहे कशावरून?' हा त्यांचा पाठ. रुचिताने वाद घातला नाही. तिने बासष्ट प्रश्नांचा फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "सर, नमुना म्हणून एकदा तुम्ही भरा."

सर प्रामाणिक माणूस. त्यांनी पंचवीस मिनिटं घेऊन भरला. बेरीज आली तेरा. एवढीही आली, कारण ते पेपर वाचत आणि फिरायला जात.

"उपचारास प्रतिसादाची शक्यता अल्प," रुचिताने वाचून दाखवलं.

"मला उपचारांची गरजच नाही."

"ते फॉर्मला माहीत नाही, सर."

सर बराच वेळ बेरीज तपासत राहिले. बेरीज बरोबर होती, हेच वाईट होतं. मग त्यांनी तिच्या निरीक्षणपत्रावर बोट ठेवलं. "यात जो भरणार, त्याच्या मर्जीने गुण पडणार. तुम्ही तर त्या बाईंच्या बाजूच्याच."

"म्हणून दोघांनी भरायचं. तुम्ही आणि मी. वेगवेगळं, एकमेकांचं न बघता."

एका मालावर दोन तपासनीस, हे सरांना पटलं. त्यांनी अट घातली: आजींना मध्ये काही सुचवायचं नाही, आणि दोघांच्या गुणांत पाचाहून जास्त फरक पडला तर जुना फॉर्म कायम. रुचिताने जागच्या जागी हो म्हटलं आणि मग घरी जाईपर्यंत स्वतःला शिव्या घातल्या.

लग्न मात्र तयार होतं. केंद्रातली मदतनीस दिशा, आंबिवलीची, तिचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. रुचिताने केंद्रात तिचं केळवण आणि छोटीशी हळद ठेवली.

"केंद्रात हळद?" सर म्हणाले. "नोंद कोणत्या नावाखाली करू?"

"मूल्यमापन."

"मॅडम, पण आम्ही आगरी नाही," दिशा कुजबुजली. "आमच्यात धवला नसतो. आमच्यात डीजे असतो."

"एक दिवस चालवून घे गं."

बुधवारी सकाळी दिशाला पाटावर बसवलं. वाटीत दुकानातल्या पुडीची हळद, शेजारी आंब्याची पानं. एका भिंतीशी रुचिता, दुसऱ्या भिंतीशी सर, दोघांच्या मांडीवर कागद. तुळसाआजी खुर्चीत. त्यांनी वाटीत बोट घातलं, हुंगलं, आणि खुर्चीला टेकून डोळे मिटले.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. सरांनी 'आपणहून सुरुवात' पुढे काहीतरी छोटं आणि गोल लिहिलं. रुचिताचं पेनही तिथेच येऊन थांबलं होतं. एक शब्द बोलली असती तर काम झालं असतं, आणि आजींची जागाही गेली असती. तिने ओठ आत ओढून धरले. प्रामाणिकपणे लिहायचं तर शून्यच होतं. तिने शून्य लिहिलं.

अठराव्या मिनिटाला आजींनी एक डोळा उघडला. "ही हलद पुरीची हाय."

दोन्ही भिंतींशी पेनं वर झाली.

"मेलात कं सगली? नवरीला पुरीची हलद लावतान? हलकुंडं नाय तुज्या घरान?"

"आहेत, आजी," दिशा घाबरून म्हणाली. "बॅगेतच आहेत, कालच कल्याणच्या बाजारातून आणली."

"मंग आन. ना कुटाला कायतरी आन."

चहाचं आलं कुटायचा लोखंडी खलबत्ता आला. आजी खुर्चीतून खाली बसल्या. कोणाच्या आधाराशिवाय, हे दोन्ही पेनांनी टिपलं आणि 'आपणहून सुरुवात' पुढची शून्यंही खोडली. मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि ती सरांवर थांबली.

"ए बाबा, तू बसलास कं? इकरं ये, कूट."

"मी परीक्षक आहे," सर म्हणाले.

"परीक्षक म्हंजे कोन? नवरीकरचा का नवऱ्याकरचा?"

सरांनी रुचिताकडे पाहिलं. रुचिताने अटीनुसार काहीच सुचवलं नाही. तिला ती अट प्रथमच आवडली.

सर खाली बसले. खल कोणीतरी धरायला हवा होता. आजींनी उजव्या हाताने डावा उचलला, खलाला लावला, आणि मग उजवा काढून घेतला. बोटं थरथरली, घसरली, पुन्हा बसली. सरांनी बत्ता हळू केला.

"जोरान मार. हात माजा हाय, तुजा नाय."

सरांनी जोराने मारला. हळकुंड फुटलं. आणि तिसऱ्या-चौथ्या घावावर आजींनी दिशाला तिच्या आईबापाचं नाव विचारलं. "मालन," दिशा म्हणाली, "आणि भिवा." गावदेवी विचारली. मग कोणतीही प्रस्तावना न करता, खरखरीत, सपाट, पण घावाशी अचूक जुळणाऱ्या आवाजात धवला सुरू झाला. त्यात मालन आली, भिवा आला, आंबिवली आली. एका जागी आजी अडल्या, दोन ओळी मागे गेल्या आणि पुढे निघाल्या. बत्ता थांबला की त्या सरांकडे बघत. मग बत्ता थांबत नसे. डीजेवाल्या घरची दिशा खाली मान घालून बसली होती आणि पाटावर टपटप पाणी पडत होतं.

बेचाळीस मिनिटं. डावा हात खलावर त्यातली चौदा.

दुपारी कागद समोरासमोर ठेवले. रुचिताचे एकोणतीस. सरांचे एकतीस.

"तुमचे जास्त कसे?" रुचिताने विचारलं.

सरांनी कागद पाहिला. 'दुसऱ्याला सोबत घेणे' इथे त्यांनी आठपैकी आठ दिले होते. त्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे होते. "हा मुद्दा मला जवळून तपासता आला," ते म्हणाले, आणि बासष्ट प्रश्नांचा गठ्ठा कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवला. खालच्या कप्प्यात ठेवला असता तर पुन्हा कोणाच्या तरी हाताला लागला असता.

तुळसाआजींची जागा राहिली. सगळ्या विसांना महिन्याभरात नवं निरीक्षणपत्र लावायचं ठरलं, म्हणजे रुचिताला आता आणखी एकोणीस कामं शोधायची होती, आणि सगळ्यांना एकेक नवरी मिळणार नव्हती. तिने यादीतलं पुढचं नाव काढलं: सीताराम, वय एकाहत्तर, टिटवाळा, छंद नाही. 'छंद नाही' वर तिने काट मारली आणि बाजूला लिहिलं, 'यांच्या मुलीला विचारणे: पूर्वी लोक यांना कशासाठी बोलवायचे?'

संदेशने गाडी आणली. निघताना आजींनी रुचिताचा हात धरला, डाव्या हाताने, आणि तो उलटसुलट करून बघितला.

"सकालधरना लिवत व्हतीस. माजं कं लिवलंस?"

"एकोणतीस, आजी. चाळीसपैकी."

"बरं." आजींनी थोडा विचार केला. "तुना आवाज नाय. तोंड मिटून बसाला येतं, ह्ये बरं हाय. धाकले धवल्यापासून शिकवीन. शुक्करवारी वही नको आनू."